मूळचा आवाज

आमच्या वरूडच्या घरी, बैठकीच्या खोलीत, भिंतीपासून चार हात पुढे दोन वस्तू उभ्या आहेत, आणि येणारा प्रत्येक नवा पाहुणा त्यांस काहीतरी भलतेच समजतो. सुमारे तीन फूट रुंद, अडीच फूट उंच, किंचित बाकदार, तांबूस सोनेरी जाळीने मढवलेल्या आणि बुटक्या लाकडी पायांवर उभ्या अशा त्या वस्तू आहेत. कोणास ती थंड मुलखातील विलायती शेगडी वाटते; परंतु वैशाखात पंचेचाळीस अंशांपर्यंत तापणाऱ्या आमच्या गावी शेगडीचे काय काम, हा प्रश्न विचारणाऱ्यासच लगेच पडतो. पुष्कळांस तो जुन्या घडणीचा कूलर वाटतो. कूलर घरोघर होण्यापूर्वीची गोष्ट सांगावयाची, तर एका उन्हाळ्यात आमचा सालदार भरली बादली घेऊनच खोलीत आला होता. "मालक, ताटी पार वाळून गेली जी, पानी मारू का?" असे त्याने विचारले. त्या बिचाऱ्याने तिला वाळ्याची ताटी समजली होती. आमचे मामा जेवत्या पानावरून उठून धावले नसते, तर अनर्थच होता. कारण त्या जाळीमागे सहा हजार व्होल्टांचा दाब होता.

हे आमचे स्पीकर. स्थिरविद्युतेवर चालणारे ध्वनिक्षेपक, असे त्यांचे शास्त्रीय वर्णन करता येईल. मामा १९६१ साली विलायतेस गेले, तेथे तेरा वर्षे नोकरी केली, आणि १९७४ साली परत आले ते ही जोडी घेऊन. लोक घड्याळे आणतात, कापड आणतात. मामांनी ही दोन धुडे बोटीने मुंबईस आणि तेथून मालमोटारीने वरुडास आणली. आमच्या वडिलांनी त्यांची किंमत ऐकली आणि एवढ्यात संत्र्याची नवी बाग उभी राहिली असती, एवढेच उद्गार काढले. तथापि पहिल्याच संध्याकाळी, बाजा सुरू झाल्यावर, ते ओसरीवरून उठून आत येऊन बसले, हे आम्हांस स्पष्ट आठवते.

ज्यांस या यंत्राची ओळख नाही अशा वाचकांसाठी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. नेहमीच्या स्पीकरात कागदाचा एक शंकू असतो. त्यास चिकटलेले तारेचे वेटोळे लोहचुंबकात मागेपुढे हलते आणि शंकू हवा ढकलतो. आमच्या स्पीकरात शंकू नाही, लोहचुंबक नाही, आणि लाकडी पेटीही नाही. त्यात प्लास्टिकचा एक अतिशय पातळ पडदा आहे. उंच स्वरांच्या भागी तर त्याची जाडी माणसाच्या केसाच्या दशांशाहूनही कमी आहे. हा पडदा दोन सच्छिद्र पत्र्यांच्या मधोमध ताणलेला असतो. पडद्यावर विद्युद्भार ठेवावयाचा आणि दोन्ही बाजूंच्या पत्र्यांस गाण्याचा विद्युत्प्रवाह पुरवावयाचा. म्हणजे पडदा कधी इकडे ओढला जातो, कधी तिकडे. त्यास लागून असलेल्या हवेचे वजन पडद्याहून अधिक भरते. हलणारी वस्तू इतकी हलकी असल्यामुळे ती सुरू व्हावयास वेळ घेत नाही आणि थांबावयासही घेत नाही. गाणाऱ्याच्या कंठात शब्द जिथे संपतो, तिथेच तो आमच्या खोलीतही संपतो.

ही कल्पना जुनीच होती, परंतु ती घरात वापरता येईल अशा रूपास आणण्याचे श्रेय पीटर वॉकर या इंग्रज कारखानदारास दिले जाते. त्याची कंपनी १९३६ साली निघाली. आरंभी ती सभा-समारंभांस लागणारी ध्वनिवर्धनाची सामग्री तयार करी, आणि युद्धकाळात लंडन सोडून हंटिंग्डन या लहानशा गावी गेली. १९५५ साली वॉकरने 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात या विषयावर लेख लिहिले आणि १९५७ साली क्वाड या नावाने स्पीकर बाजारात आणला. तो १९८५ पर्यंत तयार होत होता. यातील मर्माची गोष्ट अशी की पडद्यावरील विद्युद्भार जागच्या जागी स्थिर राहिला पाहिजे. पडदा हलत असता तो इकडून तिकडे पळाला, तर ओढ सारखी राहत नाही आणि आवाज बिघडतो. हार्वर्डचे प्राध्यापक हंट यांनी १९५४ च्या आपल्या ग्रंथात या तत्त्वाची मांडणी केली आहे. म्हणून पडद्यावर जो लेप देतात, तो वीज वाहून नेणारा असला तरी अगदी नाखुशीने वाहून नेणारा असावा लागतो. पुढे या एका लेपाने आम्हांस किती दिवस झोप येऊ दिली नाही, ते ओघाने येईलच.

या स्पीकरांचा एक हट्ट मात्र सांगितलाच पाहिजे. उंच स्वर ते सरळ रेषेत फेकतात. म्हणून त्यांच्या समोर, दोहोंपासून सारख्या अंतरावर, एकच माणूस नीट ऐकू शकतो. आमच्या घरी त्या जागी नेमकी बंगई टांगलेली होती. मामांनी ती काढावयास सांगितली. आईने साफ नकार दिला. परिणामी आमच्या घरात सगळे गाणे बंगईच्या झोक्याबरोबर उजळत आणि मंदावत असे. मामा कपाळास हात लावीत, आणि आई आणखी एक झोका घेई.

१९७५ च्या दिवाळीत मामांनी आपल्या स्पूलच्या टेपरेकॉर्डरवर आईच्या भूपाळ्या उतरून घेतल्या. आई काही गायिका नव्हती. पहाटे सडा घालताना आणि दूध तापवताना ती जे म्हणे, तेच तिने बंगईवर बसून म्हटले. सारी मिळून सतरा मिनिटांची ती टेप आहे. त्या वेळी तिचे आम्हांस काडीचेही महत्त्व वाटले नाही. आई घरात होती. तिची टेप कोण ऐकणार?

आता आमच्या अपराधाकडे वळले पाहिजे. मामांचे अॅम्प्लिफायर व्हॉल्व्हचे होते, प्रत्येकी पंधरा वॅटचे, आणि या स्पीकरांस तेवढेच मानवते. १९९२ साली आम्ही नव्या हौसेने एक दांडगा ट्रान्झिस्टरचा अॅम्प्लिफायर आणला. मामांनी बजावले होते, "हत्तीला तुळशीवृंदावनात बांधू नये." आम्ही ऐकले नाही. एका रात्री उजव्या स्पीकरात चटकन् निळी ठिणगी उडाली, तळलेल्या प्लास्टिकचा वास आला, आणि उंच स्वरांचा मधला पडदा जळून गेला. मामा रागावले नाहीत. त्यांनी उठून तारा काढल्या, उजव्या स्पीकरावर एक धुतलेली चादर घातली, आणि पुन्हा त्याचा विषय काढला नाही. २००४ साली ते वारले, तोपर्यंत ती चादर तशीच होती.

त्यापूर्वी, १९९९ साली, आई गेली. वर्षश्राद्धाच्या दिवशी आमच्या धाकट्या बहिणीने टेप लावावयास सांगितले. उजवा मुका होता. आम्ही डाव्या स्पीकरावर ती लावली. तेव्हापासून दरवर्षी त्या तिथीस बहीण अमरावतीहून येते, आणि सतरा मिनिटे आम्ही दोघे डाव्या स्पीकरासमोर बसतो. २००९ साली टेप झिजू लागली असे वाटल्यावरून आम्ही तिची प्रत संगणकात करून ठेवली. तेव्हापासून तीच प्रत लावतो. परंतु डावा स्पीकरही म्हातारा होत होता. त्याचा उच्च दाब निर्माण करणारे भाग मेणात बुडवलेले असतात. ते आतून गळू लागले होते. पडद्यावरील लेप विरत होता. पावसाळ्यात दमट हवेने भार टिकत नसे, आणि स्वर जागा व्हावयास घटकाभर वाट पाहावी लागे. आवाज वर्षावर्षाने किंचित मऊ, किंचित दूर होत गेला. मात्र हा बदल इतका सावकाश झाला की आम्हांस तो कळलाच नाही.

२०२१ साली, सक्तीच्या विश्रांतीच्या दिवसांत, आम्ही उजव्यावरची चादर काढली. दुरुस्तीचा विचार मनात येताच पहिला प्रश्न उभा राहिला तो हा, की दुरुस्त करून आणावयाचे ते काय? जळलेला पडदा परत येत नाही. मूळची वस्तू जपावी, तर ती मुकी राहते. आवाज आणावा, तर मूळची वस्तू काढून टाकावी लागते. या बाबतीत जगभर दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, कारखान्यातून आलेला एकही खिळा बदलू नका. दुसरा म्हणतो, आता अधिक चांगले लेप आणि अधिक चांगले पडदे मिळतात. मग जुन्याचा सोस कशाला?

या प्रश्नाचे उत्तर आम्हांस कोणत्याही ग्रंथात सापडले नाही. ते शेजारच्या शेंदुरजना घाटाच्या रोपवाटिकेत सापडले. तेथे जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतात. मूळचे झाड कधीच सरपण होऊन गेलेले असते. खुंट दुसऱ्याचा, मुळे दुसऱ्याची, माती दुसऱ्या शेताची. तरी फळ त्याच झाडाचे, असे आम्ही सारे बागाईतदार नि:शंकपणे म्हणतो. परंतु हेही खरे, की कोणताही खुंट चालत नाही. खुंट बदलला की झाडाचा जोम, त्याचे आयुष्य आणि फळाचा गुणही थोडाबहुत बदलतो. म्हणून जाणता माणूस डोळ्याइतकीच खुंटाचीही चौकशी करतो. मिरजेचे तंबोरे करणारे कारागीर जवारी काढतात, तेव्हाही हाच न्याय असतो. घोडीची पाठ तारांनी झिजली की आवाज बंद पडतो. कारागीर ती पुन्हा घासतो, म्हणजे मूळच्या घोडीचा काही अंश दर वेळी झडून जातो, आणि तेव्हाच मूळचा झंकार परत येतो. घासण्याची वक्ररेषा चुकली, तर तंबोरा बोलतो खरा, पण तो वेगळाच तंबोरा होतो.

आम्ही ठरवले, की जे झिजते ते बदलावे. पण ज्या नियमाने आवाज निघतो, त्यास हात लावू नये. बोलावयास हे सोपे आहे. वीज तोडून, साठलेला भार उतरेपर्यंत थांबून, आम्ही जाळी काढली. आत तीस वर्षांची धूळ होती. स्थिरविद्युत् धूळ ओढून घेते, आणि आमच्या भागात धुळीबरोबर कापसाचे तंतूही उडतात. दोन्ही अंगांस धूळ अडविण्यासाठी जी पातळ आवरणे असतात, ती जळमटांसारखी लोंबत होती. पडदा रिव्हेटांनी बसवलेल्या चौकटीत होता. ते रिव्हेट एकेक करून पोखरून काढावे लागले, आणि प्रत्येकाबरोबर आम्ही काहीतरी मोडतो आहोत अशी रुखरुख लागे.

नवा पडदा ताणणे ही खरी परीक्षा. सायकलची ट्यूब टेबलाच्या कडेने बसवावी, तिच्यावरून पडदा खाली चिकटवावा, आणि पंपाने हळूहळू हवा भरावी, म्हणजे पडदा चहूकडून सारखा ताणला जातो; ही युक्ती जगभरचे हौशी लोक वापरतात. आमच्या सायकलवाल्याने ट्यूब दिली, आणि कशासाठी म्हणून ऐकल्यावर पैसे घेतले नाहीत. बहुधा त्यास आमची दया आली असावी. फार ताणला तर खर्ज जातो. सैल राहिला तर पडदा पत्र्यास जाऊन चिकटतो. पावसाळ्यात सैल पडलेली खंजिरी भजनापूर्वी विस्तवावर शेकताना आम्ही मोझरीच्या गुरुकुंजात लहानपणी पाहिली होती. शेकणारा माणूस बोटाने टिचकी मारी आणि कान लावी. आम्हीही तेच केले. मोजण्याची साधने होती, पण शेवटचा निकाल टिचकीनेच दिला.

लेपाचे दोनदा चुकले. पहिल्यांदा आम्ही ग्राफाइट चोळला. आवाज मोठा आला, झगझगीत आला, आणि एक आठवडाभर आम्ही स्वतःवर खूष होतो. मग लक्षात आले की जोराच्या स्वरात काहीतरी खरखरते. ग्राफाइट फार उदारपणे वीज वाहतो. भार जागेवर ठरत नव्हता. म्हणजे आम्ही डोळा संत्र्याचा बांधला होता, पण खुंट भलताच घेतला होता. सगळे उकलून पुन्हा आरंभ केला. अखेर योग्य तो लेप परदेशाहून मागवावा लागला. हे स्पीकर बंद होऊन इतकी वर्षे झाली तरी त्यांस जगवणारे लोक इंग्लंड-जर्मनीत आहेत. उच्च दाबाच्या भागातील जुने रेक्टिफायर बदलले आणि त्यावर पुन्हा मेण ओतले. २०२३ च्या आश्विनात, पाऊस सरल्यावर, उजवा स्पीकर एकतीस वर्षांनी बोलला. त्या दिवशी मामांचेच पंधरा वॅटचे अॅम्प्लिफायर जोडले होते.

आईची तिथी मार्गशीर्षात येते. बहीण आली. आम्ही काही न बोलता प्रत उजव्यावर लावली.

भूपाळी सुरू झाली, आणि आम्ही दचकलो. बांगड्या वाजत होत्या. बंगईच्या कड्या करकरत होत्या. कोठेतरी मागे बैलाच्या गळ्यातील घुंगरू होते. आणि आईचा आवाज पातळ, थोडा चिरका, एका बाजूस किंचित फाटलेला, आणि कितीतरी तरुण होता. आम्ही कृतार्थ होऊन बहिणीकडे पाहिले. ती उठून उभी राहिली होती.

"दादा, हा आईचा आवाज नाही," ती म्हणाली.

आम्ही समजावू लागलो. टेप तीच, प्रत तीच; डावा स्पीकर खंगला आहे, त्याने उंच स्वर खाऊन टाकले आहेत; आई मऊ गात होती असे जे तुला वाटते, ती त्या गळक्या रेक्टिफायरची करामत आहे. जे बोलत होतो ते शास्त्राने सर्वथा खरे होते. तिने ऐकून घेतले आणि म्हटले, "चोवीस वर्षे मी ज्या आवाजाला आई म्हणते आहे, तो तू दुरुस्त केलास."

यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. ती गेल्यावर रात्री आम्ही एकटेच पुन्हा बसलो. टेपच्या आरंभी, गाणे सुरू होण्यापूर्वी, एक अस्पष्ट गुणगुण आहे. ती टेपची घरघर आहे असेच आम्ही आजवर धरून चाललो होतो. त्या रात्री तिचे शब्द झाले. मामांनी आधी चाचणीसाठी थोडे उतरून आईस ऐकवले असावे, कारण आई म्हणते आहे, "अरे भाऊ, मघाचा तो आवाज माझा नव्हेच. मी अशी नाही गात." आणि मामा हसताहेत.

स्वतःचा आवाज प्रथमच यंत्रातून ऐकणारा प्रत्येक मनुष्य हेच म्हणतो, आणि त्याचे कारणही ठाऊक आहे. आपला आवाज आपल्यास हवेतून जसा ऐकू येतो, तसाच कवटीच्या हाडांतूनही येतो. इतरांस मात्र केवळ हवेतला मिळतो. तेव्हा मूळच्या आवाजाचा शोध करीत आम्ही जेथवर जाऊन पोचलो, तेथे खुद्द गाणारीच उभी होती, आणि तीही ओळख देत नव्हती. मायक्रोफोनने ऐकलेली आई एक, बहिणीने ऐकलेली दुसरी, आणि आईने स्वतः आतून ऐकलेली तिसरी. ती तर कोणत्याच टेपवर नाही.

यावरून सारेच आवाज सारखे खरे, असा सोपा निष्कर्ष मात्र आम्ही काढणार नाही. ग्राफाइट चोळलेला आवाज खोटाच होता. उजव्या स्पीकरातून आज जे येते, ते त्या दिवाळीच्या सकाळी मामांच्या मायक्रोफोनपर्यंत जे पोचले त्याच्या सर्वांत जवळ आहे, असे आम्ही आजही म्हणू. केवळ एवढे कळले, की यंत्र पूर्ववत् करणाराचा अधिकार यंत्रापुरताच आहे. त्या यंत्रासमोर बसून ज्याने वर्षे काढली, त्याच्या कानाची दुरुस्ती करण्याचा अधिकार त्यास कोणी दिलेला नाही.

बहिणीस आम्ही पत्राने ते वाक्य कळवले. तिचे उत्तर चार ओळींचे आले. पुढच्या तिथीस ते वाक्य उजव्यावर ऐकू, असे तिने लिहिले आहे, आणि भूपाळ्या मात्र डाव्यावर. त्याखाली एक विनंती आहे: डाव्यास हात लावू नकोस.

त्याच्यासाठी आणलेला पडदा गुंडाळी करून आमच्या कपाटात पडून आहे. डावा आता फार दिवस चालणार नाही, हे आम्हांस ठाऊक आहे आणि बहिणीसही ठाऊक आहे. एखाद्या पावसाळ्यात त्यातील मेण पुरते हार खाईल आणि तो उजव्यासारखाच मुका होईल. त्या दिवशी काय करावयाचे, ते तिला विचारून ठरेल. तोवर जोडी विजोड राहणार, आणि दोहोंच्या बरोबर मध्ये बसून नीट ऐकण्याजोगे आमच्या घरी काही उरलेले नाही. म्हणून परवाच आम्ही आईची बंगई माळ्यावरून काढून, कड्यांस तेल देऊन, पुन्हा त्या जागी टांगली आहे.